तीन नंबरची सीट

१

रविवारी सकाळी साडेसहाला बोट पाण्यात सोडायची आणि आठला बाहेर काढून पुसून शेडमध्ये ठेवायची, हे काम मी सव्वीस वर्षं केलं. मुळा-मुठेच्या काठावर आमचा क्लब, आणि मी तिथला बोटी सांभाळणारा सोनबा. शिक्षण चौथी, तीही मास्तरांच्या दयेवर. रंधा मारता येतो, पोहता येतं, आणि माणूस बोटीत पाय कसा टाकतो ते बघून तो किती रविवार टिकेल हे सांगता येतं. बहुतेक टिकत नाहीत.

ही चौघांची टोळी मात्र टिकली. शर्यतीबिर्यतीची नव्हे. यांचं नुसतं सोशल रोइंग. म्हणजे धक्क्यापासून रेल्वेच्या पुलापर्यंत जायचं, तिथे थांबून नदीच्या वासाला शिव्या द्यायच्या, परत यायचं, आणि दीड तासाच्या कष्टाबद्दल दोन तास पोहे खायचे. तरी माणसं चांगली होती. मी हे सहसा कोणाबद्दल म्हणत नाही.

बोट चार वल्ह्यांची. वल्हवणारे पाठमोरे जातात, म्हणून सुकाणूच्या दोऱ्या धरायला पाचवा माणूस लागतो. तो मी. माझ्यासमोर, माझ्याकडे तोंड करून, दीपाली. हिंजवडीत कसल्याशा कंपनीत होती. तिच्या मागे वरद, त्याच्या मागे खराडीचा अभय, आणि पार टोकाला शरच्चंद्र साहेब, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं तोंड वल्ह्यापेक्षा जास्त चालायचं. सीटा त्या टोकापासून मोजतात, म्हणून साहेबांची एक नंबरची आणि वरदची तीन नंबरची.

दोन हजार चारच्या जूनमध्ये वरदला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. दीड वर्षासाठी, असं म्हणाले. तेव्हा सगळेच दीड वर्षासाठी जायचे.

आमच्या क्लबात एक फळा आहे. कोणत्या बोटीत कोणत्या सीटवर कोण, ते त्यावर खडूनं लिहिलेलं असतं. नियम असा की तीन महिने माणूस आला नाही तर नाव पुसायचं आणि सीट दुसऱ्याला द्यायची. पुसायचं काम माझं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, मी वरदचं नाव पुसलं नाही. एक तर दीपाली मध्ये पडली. "काका, तो आल्यावर त्याला काय सांगायचं? तुझी सीट दिली?" दुसरं म्हणजे, बोट बाहेर काढल्यावर कापड घेऊन माझ्याबरोबर पुसायला बसणारा तेवढा एकच मेंबर मी पाहिला होता. म्हणून राहू दिलं. चूक माझी, हे आधीच सांगून टाकतो.

तीन नंबरच्या सीटवर मग आम्ही वाळूची गोणी ठेवायला लागलो. बोटीचा तोल राहायला वजन लागतं. सीट चाकांवर पुढेमागे सरकते, ती सुतळीनं जखडली. वरदचं वल्हं आडवं करून मूठ बांधून टाकली. आणि तिघांवर बोट चालू ठेवली.

२

वरदचं वल्हं उजव्या बाजूचं. डावीकडे दोन वल्ही आणि उजवीकडे एकच, म्हटल्यावर बोट सारखी उजव्या काठाला जाते. तिला सरळ ठेवायला मला डावी दोरी ताणून धरावी लागायची. चार महिन्यांत माझ्या डाव्या हाताच्या बोटाला घट्टा पडला होता.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पुलाकडे जाताना मला कळलं की माझा डावा हात मांडीवर आहे आणि दोरी सैल पडली आहे. बोट सरळ चालली होती.

मी पहिल्यांदा दीपालीला झापलं. "अगं, झोपलीस काय? ओढ की."

"ओढतेय ना काका! घाम बघा."

ओढत होती. मागे अभयही ओढत होता. डावीकडून दोघं, उजवीकडून फक्त टोकाचे शरच्चंद्र साहेब, वय एकसष्ट, गुडघे गेलेले.

"साहेब, आज जोरात आहात," मी ओरडलो.

"मी रोजच जोरात असतो. तुमचं आज लक्ष गेलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, धरणातून पाणी सोडलं असेल, प्रवाहानं होत असेल. पण आमच्या खाली बंधारा आहे. पाणी तुंबून हौदासारखं उभं असतं. त्या दिवशी पाण्यावर पडलेला झेंडूचा हार जाताना दिसला, तोच परत येताना त्याच जागी होता.

मग म्हटलं, वारा असेल. वारा नव्हता.

बायकोला, जयाला, सांगितलं. ती म्हणाली, "बीपीची गोळी घेतली होती का?" घेतली नव्हती. तेवढ्यावर मी तो विषय मिटवला.

माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव, गंडे, ताईत, सगळं टोपलीत भरून याच नदीत सोडलं. आईला म्हणाला, देव गेले, आता भुतंही गेली. तेव्हापासून आमच्या घरात भूत नाही. अडुसष्टाव्या वर्षी मी ते परत घरात आणायला तयार नव्हतो.

३

पुढच्या रविवारी मी कान देऊन बसलो.

सरकत्या सीटचा आवाज असतो. पुढे जाताना लांब घरंगळ, मागे येताना आखूड. तीन सीटा म्हणजे तीन आवाज, कधी एकत्र, कधी फुटलेले, कारण ही टोळी एका वेळी काहीच करत नाही. मी डोळे मिटले. दीपालीचा आवाज ओळखला, तिच्या एका चाकाला तेल कमी होतं. अभयचा धसमुसळा. साहेबांचा सर्वांत उशिरा. आणि दीपालीच्या अगदी मागे, तिच्या बरोबर जाणारा, चौथा. स्वच्छ. सराव असलेल्या माणसाचा.

डोळे उघडले. गोणी जिथल्या तिथे. सुतळीच्या गाठी माझ्याच हातच्या, जशाच्या तशा. सीट हलत नव्हती.

मी पाण्याकडे बघितलं. वल्हं पाण्यातून निघालं की मागे एक भोवरा राहतो, ताटाएवढा. बोट पुढे जाते आणि भोवरे मागे राहतात, पावलांसारखे. तीन वल्ह्यांचे तीन. माझ्या डाव्या बाजूनं दोन दोन मागे जात होते. उजव्या बाजूनंही दोन दोन.

वरदचं वल्हं वरच्या वर आडवं होतं. त्याला पाणी लागलं नव्हतं.

"काय पळतेय आज बोट!" अभय म्हणाला. "वरद ओढतोय बहुतेक."

"इथे असताना कधी ओढली?" मागून साहेब. "तिकडे जाऊन सुधारला म्हणायचा."

सगळे हसले. दीपाली हसली नाही. तिनं मान खाली घातली आणि एका हातानं मानेवरचे केस सारखे केले, जसं मागून कोणी फुंकर मारली असावी.

परत येऊन बोट वर काढली. बाकीचे पोह्यांकडे गेले. मी वरदच्या वल्ह्याची मूठ सोडायला हात लावला आणि काढून घेतला. गार सकाळी, दीड तास कोणी न धरलेली लाकडी मूठ. तिला ऊब होती. ओलसर ऊब, हाताच्या घामाची.

मी ती कापडानं पुसली. पुसणं माझं काम आहे.

४

पोह्यांनंतर वरदला फोन करायचा ठरलेला कार्यक्रम असायचा. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र. अभय त्याचा मोबाईल टेबलावर मध्ये ठेवायचा, आणि सगळे एकदम बोलायचे. या कार्यक्रमाला वरदची आई यायची, सुहासिनीबाई. नारायण पेठेत एकट्या राहायच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. बसनं यायच्या, थर्मास घेऊन, आणि आम्ही परत येईपर्यंत धक्क्यावरच्या बाकावर नदीकडे बघत बसायच्या. घरी त्यांना वरदचा बुधवारी वेगळा फोन यायचाच. पण म्हणायच्या, "इथे तो हसतो. माझ्याशी बोलताना नुसता हो-नाही करतो."

पहिले काही महिने तो पहिल्याच घंटीला उचलायचा. त्या रविवारी घंटी वाजून वाजून बंद झाली. त्याच्या पुढच्याही.

मग त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या तेलुगू मुलानं फोन उचलला. अभय त्याच्याशी इंग्रजीत बोलला आणि आम्हाला सांगताना शब्द निवडून सांगायला लागला, त्यावरून मी समजलो.

"शनिवारी रात्री नऊच्या सुमारास त्याला झोप लागते म्हणे. जेवताना, बोलताना, कशीही. हलवलं तरी उठत नाही. पहिल्यांदा तीन तास. गेल्या शनिवारी तर पार सकाळपर्यंत. आताही झोपलाय."

"दमत असेल," सुहासिनीबाई म्हणाल्या. "कंपनी राबवून घेते."

"डॉक्टरला दाखवलं. काही सापडलं नाही."

बुधवारी वरद स्वतः आईशी बोलला. बाईंनी पुढच्या रविवारी मला बाजूला घेऊन सांगितलं, कारण बाकीच्यांना सांगायची त्यांना लाज वाटत होती. "सोनबा, तो म्हणाला, आई, उठल्यावर माझे दंड भरून आलेले असतात. तळहाताला फोड आलेत. मी विचारलं, कशानं? तर म्हणाला, माहीत नाही. मला हसत म्हणाला, तुमच्या पोह्यांचा वास येतो इथे."

तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे इकडचे किती, हे मी अभयला विचारलं.

"सकाळचे साडेसात. थंडीत तिकडची घड्याळं एक तास मागे करतात. त्याआधी साडेसहा असायचे. का काका?"

आम्ही निघतो साडेसहाला, पण दिवाळीनंतर धुकं म्हणून उशिरा, सव्वासात-साडेसातला निघायला लागलो होतो. काटा आमच्याबरोबर सरकला होता. "सहज," मी म्हटलं. चौथी शिकलेल्या माणसानं हिशेब मांडला की लोक हसतात.

५

मी एक करून बघितलं. पुढच्या रविवारी सांगितलं की नदीला फेस आलाय, अंगाला खाज सुटेल, आज बोट नाही. फेस रोजच असतो. शरच्चंद्र साहेब कुरकुरले, "नदी आजच घाण झाली वाटतं," पण पोहे होतेच, म्हणून राहिले.

वरदनं पहिल्या घंटीला फोन उचलला. टक्क जागेपणी, गप्पा मारत. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला वाटलं, सुटलो. बोट बंद ठेवायची, बस्स. पुढच्याही रविवारी मी फेसाचंच कारण सांगितलं. मंडळी पोह्यांवर बसली, आणि मी शेडमध्ये वंगण आणायला गेलो.

शेडला बाहेरून कुलूप होतं. किल्ली माझ्या हातात. कुलपात घालायच्या आधी मी थांबलो.

आतून चाकांचा आवाज येत होता. लांब घरंगळ. थांबा. आखूड. थांबा. लांब घरंगळ.

उंदीर, मी म्हटलं. उंदीर एवढा ताल धरत नाही. मी कुलूप काढलं, दार लोटलं. बोट लाकडी घोड्यांवर पालथी, जशी ठेवतो तशी. पालथ्या बोटीत सीटा खाली तोंड करून लटकलेल्या असतात. आवाज दार उघडताच थांबला नव्हता. दोन-तीन वेळा आणखी आला, पालथ्या बोटीच्या पोटातून, आणि प्रत्येक वेळी जरा जास्त दमल्यासारखा.

मग तीन नंबरच्या सीटखालच्या कोरड्या फरशीवर टप्पकन एक थेंब पडला. मी वाकून बोट लावलं. खारट असेल असं वाटलं. चाखून बघण्याचं धाडस झालं नाही.

बाहेर अभय फोनवर उभा होता. त्याचा चेहरा बघूनच मी विचारलं नाही. वरद शनिवारी रात्री झोपला तो सोमवार सकाळपर्यंत उठला नाही, हे नंतर कळलं. छत्तीस तास. दवाखान्यात नेलं होतं, नळ्या लावल्या होत्या. तिथला डॉक्टर म्हणाला की श्वास इतका मंद झाला होता की आणखी थोडा झाला असता तर सांगता येत नाही.

म्हणजे बोट बंद ठेवून भागणार नव्हतं. सीट त्याची होती, तोवर तो येत राहणार होता. आणि कुठल्या तरी रविवारी परत जाणार नव्हता.

६

मी गुरुवारी चौघांना बोलावलं. तिघं आणि सुहासिनीबाई. काय बघितलं, काय ऐकलं, सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "नाव पुसायचं आणि सीट दुसऱ्याला द्यायची. क्लबात सतरा जण वाट बघतायत."

शरच्चंद्र साहेब बराच वेळ चष्मा पुसत बसले. "सोनबा, तुम्ही कधी सत्यनारायणाचा प्रसाद घेत नाही. आणि आम्हाला हे सांगताय?"

"म्हणूनच सांगतोय. मला हौस असती तर नारळ फोडून मोकळा झालो असतो."

"पण याला काही शास्त्रीय..."

"नाही. मला ते नको आहे. पोरगा उठायला हवा, एवढं हवं आहे."

दीपाली एकदम बोलली, माझ्याकडे न बघता. "मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मानेवर श्वास लागायचा. मला वाटायचं, बरं आहे, तो आहे मागे. म्हणून मी सांगितलं नाही." ती रडायला लागली. "मला वाटलं, आपण त्याच्यासाठी चांगलं करतोय."

"आपण सगळ्यांनी चांगलंच केलं," मी म्हणालो. "तेवढं आता पुरे."

सुहासिनीबाई थर्मासचं झाकण लावत, काढत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

"बाई..."

"नाही म्हटलं ना. त्याची खोली मी भाड्यानं दिली नाही. लोक म्हणाले, द्या, कंपनीतली मुलं मिळतील. त्याची स्कूटर विकली नाही. त्याचं इथे काहीतरी राहिलं तर तो येईल. तुम्ही परक्या माणसाला त्याच्या सीटवर बसवणार आणि मी बाकावरून बघणार? मला नाही जमायचं."

"आणि तो उठला नाही तर?" मी विचारलं. मी असाच बोलतो. गोड बोलायला मला कोणी शिकवलं नाही.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की सव्वीस वर्षांत कोणा मेंबरनं बघितलं नव्हतं. शाळेत पोरांना असंच बघत असतील.

"परका नको असेल," मी म्हटलं, "तर तुम्ही बसा."

साहेब म्हणाले, "अहो, काहीतरीच काय! त्यांचं वय..."

"तुमच्याहून तीन वर्षांनी कमी," सुहासिनीबाई म्हणाल्या. थर्मासचं झाकण त्यांनी घट्ट लावलं. "पोहता येत नाही मला."

"मला येतं," मी म्हणालो.

७

रविवारी त्या पंजाबी ड्रेस घालून आल्या, पायात वरदचे जुने कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेले. दीपालीनं त्यांना लाइफ जॅकेट चढवलं. मी फळ्यावरचं वरदचं नाव ओल्या फडक्यानं पुसलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. उभं राहून बघितलं.

गोणी काढली. वल्ह्याची मूठ सोडली. नवशिक्या माणसाची सीट सरकू देत नाहीत, म्हणून ती जखडलेलीच ठेवली आणि सांगितलं, "पाय विसरा. फक्त हात चालवायचे. दीपालीच्या पाठीकडे बघायचं, ती ओढेल तेव्हा ओढायचं."

त्या बसल्या. बोट धक्क्यावरून ढकलली. पाऊण मैल त्यांचं वल्हं कुठेही पडलं. कधी हवेत, कधी पाण्यात इतकं खोल की मूठ पोटात बसली. साहेबांच्या तोंडावर पाणी उडालं. "बाई, अंघोळ करून आलोय मी," ते म्हणाले. "दिसत नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या. अभय हसला. डावी दोरी माझ्या हातात ताठ होती. मला बरं वाटायला लागलं होतं.

पुलाच्या अलीकडे दोरी सैल पडली.

मी दीपालीच्या खांद्यावरून बघितलं. सुहासिनीबाईंचं वल्हं आता नीट जात होतं. पाण्यात सरळ, बाहेर सरळ, आणि शेवटी मनगटाचा एक छोटासा झटका. तो झटका मी चार वर्षं समोर बसून बघितला होता. क्लबात दुसऱ्या कोणाचा तसा नव्हता.

"सोनबा," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "हे मी करत नाहीये."

"थांबा सगळे," मी म्हटलं. दीपाली थांबली. अभय थांबला, साहेब थांबले. तिघांची वल्ही पाण्यावर आडवी पडली. बाईंचं वल्हं चालूच होतं.

त्यांनी बोटं उघडली होती. तळवे मुठीवर नुसते टेकलेले. आणि त्यांच्या हातांच्या पाठीवर, दोन्ही हातांच्या, कातडीत चार-चार खळगे पडले होते. वरून कोणी घट्ट धरल्यावर पडतात तसे. मोठ्या हाताचे. ओढताना खोल जायचे, सोडताना भरून यायचे. मी मोतीबिंदूला दोष द्यायला बघितलं. उजेड स्वच्छ होता.

"बाई," मी म्हणालो, "सांगा त्याला."

"थांबा हो जरा."

"थांबायला वेळ नाही! तो तिकडे..."

"माहीत आहे मला!" त्या ओरडल्या. मग आवाज खाली आला. "सात महिने झाले, सोनबा. दोन ओढींपुरतं थांबा."

मी थांबलो. चूक की बरोबर, मला माहीत नाही. एक ओढ गेली. दुसरी गेली. बाईंचे गाल ओले झाले होते, आणि तोंडावर असं काहीतरी होतं की मी नजर काढून घेतली.

तिसऱ्या ओढीला त्यांनी बोटं मिटली. मूठ स्वतः आवळून धरली.

"वरद," त्या म्हणाल्या, रोजच्या आवाजात, जसं स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत सांगावं. "सोड आता. मी धरलंय."

खळगे आणखी खोल गेले. बाईंना दुखलं, ते दिसलं. पण त्यांनी मूठ सोडली नाही.

"सोड म्हणते ना. मला येतं. नाही आलं तर शिकेन."

वल्हं थांबलं. खळगे हळूहळू भरून आले. कातडी लाल होती, मग पांढरी, मग नेहमीसारखी.

बोट थांबलेली होती. चारही वल्ही पाण्यावर आडवी. तरी आमच्या उजव्या अंगाला पाण्यात एक भोवरा उठला. ताटाएवढा. त्याच्या पलीकडे, एका ओढीच्या अंतरावर, दुसरा. मग तिसरा. बोट नाही, वल्हं नाही, एकामागून एक भोवरे उठत बंधाऱ्याच्या दिशेला चालले होते, सरळ रेघेत, न थांबता, घाईनं घरी जाणाऱ्या माणसाच्या चालीनं. धुक्यात शिरेपर्यंत आम्ही पाचहीजण बघत होतो. त्यांतल्या कोणालाही मी नंतर विचारलं नाही की तू काय बघितलंस. त्यांनीही मला विचारलं नाही.

अमेरिका कोणत्या दिशेला आहे मला ठाऊक नाही. पण आमची नदी पूर्वेला जाते, आणि शेवटी समुद्राला मिळते, एवढं चौथीत शिकवतात.

"चला," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, म्हणून परत, मोठ्यानं म्हटलं, "चला! बघत काय बसलात? परत कोण वल्हवणार, मी?"

परत यायला तासभर लागला. बाईंचं वल्हं पुन्हा कुठेही पडत होतं.

८

धक्क्यावर पोह्यांना कोणी हात लावला नाही. अभयनं फोन टेबलावर ठेवला. दोनदा चुकीचा नंबर लागला.

तिसऱ्यांदा घंटी वाजली. एक. दोन. साहेब उठून पाठ करून उभे राहिले.

"हॅलो?" वरद म्हणाला. "अरे काय आज, एवढा उशीर? मी केव्हाची वाट बघतोय."

शेवटी मीच बोललो. "झोपला नव्हतास?"

"काका! नाही हो. झोप लागत होती नऊला, डोळेच मिटत होते. मग एकदम उडाली. आता टक्क. आणि भूक अशी लागली आहे की काय सांगू. रूममेट भात लावतोय. आई आहे का तिथे?"

"आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यांनी फोन उचलून हातात घेतला. तळहाताला फोड आले होते, फोन चिमटीत धरला होता. "मी आज बोटीत बसले होते."

"काय? तू?" तो हसायला लागला. मग हसू थांबलं. "कोणत्या सीटवर?"

"तुझ्या."

सातासमुद्रापलीकडून भाताच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मग मी आल्यावर?" त्यानं विचारलं. आवाज लहान मुलासारखा होता.

"आल्यावर सोनबांना विचार. सतरा जण वाट बघतायत म्हणे, तू अठरावा. आणि नाही आलास तरी चालेल, वरद. तिथे नीट राहा. नीट जेव. तिथल्या पोरांबरोबर काहीतरी खेळ. इथे माझं चाललंय."

"आई, तू रागावलीस का?"

"नाही रे राजा." त्यांनी दुसऱ्या हातानं पदर चाचपला, पंजाबी ड्रेसवर पदर नव्हता, मग मनगटानं डोळे पुसले. "भात झाला वाटतं तुझा. जा, वाढून घे. गार करू नकोस."

"थांब ना, अजून दोन मिनिटं..."

"ठेवते मी," त्या म्हणाल्या, आणि बटण कुठलं ते न कळून फोन अभयकडे दिला. "हा बंद कसा करायचा रे?"

अभयनं दाखवलं. त्यांनी स्वतः बटण दाबलं. मग थाळी ओढून घेतली आणि फोड आलेल्या हातानं, तोंड वाकडं करत, पोहे खायला लागल्या.